गांडुळे, सदनिका आणि धाकटी बहीण

मी, मृदाशास्त्राची निवृत्त संशोधक, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. हृदय थकले आहे, डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिला आहे. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात केली होती. हेही रागातच आहे, पण नीट विचार करून.

कलम १. संस्थेमागची माझी दोन खोल्यांची सदनिका आणि बँकेतील ठेव माझ्या शेवटच्या विद्यार्थिनीला द्यावी. ती बोलताना अडखळते, म्हणून निवड समित्या तिला मागे ठेवतात. मातीतले तिच्याइतके कळणारे माणूस मला भेटलेले नाही.

कलम २. सूक्ष्मदर्शकही तिलाच. भिंग पदराने पुसू नये.

कलम ३. माझ्या धाकट्या बहिणीला पैसा देऊ नये. तिला उभ्या जन्मात काही कमी पडलेले नाही. आम्ही एकाच खोलीत वाढलो. ती खिडकीशी बसून तारे बघायची, मी अंगणात माती उकरायची. आई पाहुण्यांना सांगायची, "ही आमची शास्त्रज्ञ. आणि ही थोरली." पुढे मीही शास्त्रज्ञ झाले, आईचे वाक्य बदलले नाही.

एवढाच हेवा असता तर गिळला असता. पण संशोधनावरचा सरकारी खर्च वाढवण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा सर्वांच्या वतीने समितीपुढे बोलायला संस्थेने मला पाठवले. मी जिवापाड तयारी केली होती. एका सदस्याने मध्येच विचारले, "बाई, गांडुळांवर खर्च करून जनतेच्या पदरात काय पडणार?" सभागृह हसले. माझी दातखीळ बसली. तेवढ्यात मागच्या रांगेतून धाकटी उठली.

"साहेब, मी जन्मभर आकाशाकडे बघते, पण जेवते मातीत उगवलेलं. आधी ताईला द्या. उरलं तर मला."

टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रस्ताव मंजूर झाला. पेपरात तिचा फोटो आणि खाली ते वाक्य. त्याच वाढीव निधीवर माझी प्रयोगशाळा निवृत्तीपर्यंत चालली.

बाहेर पडताना तिने विचारले, "ताई, चिडलीस?"

"छे. ऊन लागतंय."

माझा नुसता जळफळाट झाला होता. वाक्य सुरेख होते. ते मला सुचायला हवे होते.

कलम ४. गांडुळांच्या पेट्या मात्र धाकटीलाच द्याव्यात. त्यांच्यावर रोज पाणी शिंपडावे लागते. त्या निमित्ताने तरी तिला खाली बघावे लागेल.

कलम ५. सरकार हा निधी पुन्हा वाढवण्याच्या विचारात आहे. सुनावणी थंडीत आहे. तोवर मी नसेन. माझ्या जागी माझ्या विद्यार्थिनीने बोलावे. ती अडखळेल, कोणीतरी हसेल. तेव्हा धाकटीने उठू नये. ओठ चावून बसावे, पण पोरीचे वाक्य पोरीला पुरे करू द्यावे.

ते पुरे झाले की पहिली टाळी धाकटीने वाजवावी. तिने वाजवली की सगळे वाजवतात. मला ते कधी साधले नाही.

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी धाकटीनेच करावी. दुसऱ्या कोणावर माझा विश्वास नाही.

सर्व मजकूर स्वतः लिहिला, मोठ्याने वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही : थोरली

साक्षीदार : १. डॉक्टरीणबाई २. तळमजल्यावरचे शिंपीकाका

ठिकाण : राहते घर, पुढची खोली
दिनांक : ९ जून