बुधवारचा कागद

गुरुवार, २० नोव्हेंबर

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. अक्षर ओळखलंसच असशील आणि कपाळाला आठ्याही घातल्या असशील. खुशाल घाल, पण पूर्ण वाच.

इकडे सगळे ठीक. माझे गुडघे कुरकुरतात, पण शिवणयंत्र अजून ऐकतं माझं. तुझे भावजी निवृत्त झालेत आणि दिवसभर मला सूचना देण्याची नोकरी करतात. लेक परगावी असते. तुझा मुलगा आता माझ्या खांद्याला लागत असेल, नाही का? मी बघितला तेव्हा रांगत होता.

आणि ऐक, या वयात मी शिकायला जाते! दर बुधवारी आम्ही पाचजणी बेकरीच्या मागच्या खोलीत जमतो. शिकवणारं कोणी नाही. बँकेचे, विम्याचे कागद जन्मभर नवऱ्यांच्या हातात दिले, ते आता आपले आपण वाचायचे. जिची पाळी तिने एक कागद बाकीच्यांना समजावायचा. आणि जी 'कळलं' म्हणेल तिने तो लगेच स्वतःच्या शब्दांत परत सांगायचा. भल्याभल्या गप्प होतात गं! चक्रवाढ व्याज तर बेकरीवालीने फुगणाऱ्या पिठावरून सांगितलं.

गेल्या बुधवारी माझी पाळी होती. कागद नॉमिनीचा. मी ऐटीत म्हटलं, "यात काय कळायचंय? माणूस गेलं की ज्याचं नाव त्याचा पैसा. मी भोगलंय."

आमच्यातली नर्स म्हणाली, "नाही हो ताई, नॉमिनी मालक नसतो. बँक पैसे त्याच्या हातात देते, एवढंच. ते त्याने वारसांना पोचवायचे."

"अगं बाई, म्हणजे हमालच की!" बेकरीवाली म्हणाली. सगळ्या खो खो हसल्या. नर्सने विचारलं, "कळलं?" मी म्हटलं, "कळलं." मग नियमाप्रमाणे परत सांगायला लागले, 'नॉमिनी मालक नसतो,' इथवरच पोचले. पदर तोंडाला लावून बाहेर आले.

ठमे, बाबा गेल्यावर त्यांच्या खात्यावर नॉमिनी म्हणून एकट्या तुझं नाव निघालं तेव्हा मला वाटलं, त्यांनी मला लेकींतून वजाच केलं. महिन्याभराने तू दारात आलीस. "ताई, इथे सही कर," एवढंच म्हणालीस. मी समजले, हक्क सोडायची सही मागतेस. न वाचता फाडला तो कागद, आणि वर म्हटलं, "बाबांना गिळलंस, आता मला गिळ." हे वाक्य मी यांनाही कधी सांगितलं नाही.

माझा गैरसमज झाला, असं लिहून मोकळी होणार होते. काल तसं एक पत्र लिहिलंही. पण ते खोटं आहे.

तू गेल्यावर मी केर काढला. एका तुकड्यावर तुझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'दोघींत सारखे.' मी ते वाचलं होतं, ठमे. तेव्हाच वाचलं होतं. धावत गेले असते तर तू कोपऱ्यावर सापडली असतीस. पण बोलून बसले होते, आणि माघार कशी घ्यायची ते मला कधी जमलं नाही. एक दिवस गेला, मग एक वर्ष, अशी अकरा गेली.

पैसे नकोत मला. तू हवीस. माझ्या शिवणाच्या दुकानात कोणी बाई दुसरीला "ए ताई" म्हणाली तरी हातातलं काम थांबतं माझं. खूप आठवण येते गं.

आज सकाळी माझ्या खात्याचा फॉर्म भरला. नॉमिनी तू. नातं, सख्खी बहीण. हे म्हणाले, "आणि मी?" म्हटलं, तुम्ही वारस आहातच, हमाली तिला करू दे. पण पत्त्याशी अडले. तू घर बदललंस एवढंच कानावर आलं होतं. खिडकीतली मुलगी म्हणाली, "सख्खी बहीण, आणि पत्ता माहीत नाही?" आणि फॉर्म परत दिला.

हे पत्र मावशीकडे देतेय. ती तुझा पत्ता मला सांगत नाही, म्हणते, "तिने सांगू नको म्हटलंय." बरोबर आहे तुझं. मी मावशीला पुन्हा विचारणार नाही. तू सांगितलास तरच तो माझा.

वाट बघणारी,
ताई (अजून म्हणत असशील तर)