पांढऱ्या सोन्याची अंगठी

११ जून
सकाळी साबण लावला तेव्हा कुठे निघाली अंगठी. बोट सोललं. खडक कापायच्या शेडमध्ये दागिना न्यायचा नाही — पांढऱ्या सोन्यात पॅलेडियम असतं, खडकाला जरा घासलं की प्रयोगशाळेला वाटायचं खाणच सापडली! ड्रिलवरचा म्हातारा मालेसेला दारातच उभा असतो. "रोज सकाळी घटस्फोट, रोज संध्याकाळी लग्न! दमत नाहीस का गं पोरी?" हसले. दिवसभरात माझ्याशी एवढंच काय ते बोलणं.

१२ जून
थंडी. एकटीनं जेवले.

१४ जून
माझा नवरा मोलातेलो जाऊन आज तीन वर्षं झाली. अंगठी काढवली नाही. नाहीच काढली! मालेसेलाला दिसू नये म्हणून हातमोजा चढवला. तो करवतीच्या पाण्यानं भिजला, काढून फेकला. आणि आजच बोअरमधून चांगला खडक वर यायचा होता — पितळेसारखे चमकणारे ठिपके, हवे तसे. प्लॅटिनम काही डोळ्यांना दिसत नाही. असे ठिपके दिसले की आशा धरायची. खडकाचे दांडे करवतीवर उभे चिरले, त्याच हातांनी प्रयोगशाळेच्या पिशव्या भरल्या.

रडले नाही. पण दिवसभर ती बोटात होती, बरं वाटलं.

६ जुलै
जोहान्सबर्गहून कंपनीच्या व्हेंटर साहेबांचा फोन. चौदा तारखेच्या पिशव्यांत पॅलेडियम भरपूर, सोनं भरपूर, प्लॅटिनम नावाला. "बाई, हा खडकातला मेळ नाही, सोनाराचा आहे! शेडमध्ये कोणाच्या हातात काय होतं?"

म्हटलं, बघते.

७ जुलै
मशीन बंद. हा शेवटचा बोअर होता. पिशव्या खऱ्या तर काम पुढे चालणार, नाहीतर तंबू उठणार. माणसं वळकट्या बांधून बसलीत. मी कुठे जाऊ? गावी, सेशेगोच्या घरात दोन खुर्च्या आहेत. एकीवर मी बसते, दुसरीकडे बघते.

आणि साहेबांना संशय आलाय मालेसेलावर! काम चालू राहावं म्हणून त्यानंच पिशव्यांत काहीतरी कालवलं म्हणे. म्हाताऱ्याला कळलं. जेवणाच्या ताटाला हात लावला नाही त्यानं — मक्याचा गोळा तसाच वाळला.

८ जुलै
साहेबांना फोन करून अंगठीचं सांगून टाकलं. ते म्हणाले, "का काढली नाहीस?" मी म्हटलं, नवऱ्याची आठवण. "परवा धातू तपासायचं यंत्र घेऊन येतो. अंगठीत तोच मेळ निघाला की बोअर बाद."

मालेसेला चुलीपाशी बसला होता. वर न बघता म्हणाला, "एक दिवस घटस्फोट चुकवलास, आणि आम्हा सगळ्यांचा संसार मोडलास!"

चिडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं.

९ जुलै
कोणी बोलत नाही. मी गेले की चूलसुद्धा गप्प होते. मलाच माझी लाज वाटते.

मोलातेलो पोलोक्वानेत टॅक्सी चालवायचा. लग्नाआधी कित्येक महिने रात्रपाळ्या केल्या. तळहातावर अंगठी ठेवून म्हणाला, "पांढरं सोनं! जपून गं." नणंद म्हणाली, चांदी का? मी म्हटलं, हट्! सगळ्या गल्लीला दाखवून आले. एवढं माझ्यासाठी कोणी केलं नव्हतं.

१० जुलै
साहेबांनी यंत्र अंगठीला लावलं. आकडे बघून पुन्हा लावलं. मग ओरडलेच — "स्टील आहे! नुसतं स्टील!" सोन्याचा कण नाही, पॅलेडियमचा कण नाही. म्हणजे खडकातलं सगळं खडकाचंच! मालेसेलानं मला उचलून गरकन फिरवलं, वळकट्या सुटल्या, माणसं नाचायला लागली. साहेब हसत म्हणाले, "घालून ठेव आता, शेडमध्येसुद्धा. तिच्यानं काही बिघडत नाही."

मीही नाचले. मग तंबूत आले.

तू फसवलंस, की तुलाच कोणी फसवलं? मेल्या, सांग ना.