पुसलेल्या बत्तीस बाटल्या

ताईला धाकटीचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे बरे असतील, भावजींचा खोकला हटला असेल, असं मी धरून चालते. (विचारलं असतं, पण तू उत्तर कुठं देतेस.) पत्राला कारण आहे, ते शेवटी सांगीन. आधी सांगितलं तर पुढचं वाचायची नाहीस.

मी अजून त्याच प्रयोगशाळेत काचसामान धुते. आमच्या मॅडम उंदरांच्या पोटातले जंत ओळखतात. (जेवत असशील तर ताट बाजूला ठेव.) जंताचं डोकं आणि शेपूट काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकातून बघायचं, मधला तुकडा डीएनएच्या तपासणीला पाठवायचा. का, तर दोन जंत दिसायला सारखे असतात आणि आतून निघतात वेगळेच. मलाही एकदा बघू दिलं. मला दोऱ्याचे तुकडे दिसले. त्या मात्र एकेकाला नावानिशी ओळखतात.

तर गेल्या सोमवारी मी शहाणपणा केला. जंत ठेवलेल्या बत्तीस बाटल्या चिकट दिसल्या, म्हणून फडकं स्पिरिटमध्ये बुडवून लख्ख पुसल्या. वर पेनानं घातलेले आकडेही लख्ख गेले. कुठला जंत कुठल्या उंदराचा, ते त्या आकड्यांवरच होतं. आणि वर मीच मॅडमना हाक मारली, या, चकाकी बघा म्हणून. त्या ओरडल्या असत्या तर मीही चार शब्द ऐकवून मोकळी झाले असते. त्या नुसत्या स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, “मावशी, जंत कोणता ते कळेल हो. पण कुणाच्या पोटातला, ते आता कधीच कळायचं नाही.” वर्षभर पकडलेले उंदीर होते ते.

माझं लक्ष कुठं होतं म्हणशील. त्या सकाळी आईनं मला तुझ्या नावानं हाक मारली. मी ती नव्हे म्हटलं, तर तिनं तोंड मिटून घेतलं, घास घेईना. तशीच उपाशी ठेवून कामावर गेले आणि हात आपला चोळत राहिला. संध्याकाळी तुझ्या नावाला ओ दिली, तशी पोटभर जेवली. तेव्हापासून या घरात मी म्हणजे तू. तुझ्यासारखं हळू बोलते. जबडा दुखतो माझा.

बाकी ठीक. भावजींना खोकल्याचं विचारलंय म्हणून सांग.

ता. क. मला कामावरून काढलं नाही. आता मॅडम पेन्सिलीनं चिठ्ठी लिहून बाटलीच्या आतच टाकतात. आतली चिठ्ठी माझ्या फडक्याला सापडत नाही.

आणखी एक. ये म्हणत नाही, तुला वेळ नसतो. पण काल केस विंचरताना आईनं मला, म्हणजे तुला, विचारलं, “धाकटी कुठंय गं? तोंडाळ आहे मेली, पण अंघोळीला मला तिचाच हात लागतो.” मी म्हटलं, येईल. एक दिवस ये, ताई. तू तुझ्या जागी बसलीस की मला घरात येता येईल.