सफरचंदाच्या फांदीची साक्ष

मिल्स कॉर्नर, ओहायो
३ फेब्रुवारी १८८४

चि. लेम्युएल यास केझायाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या डुकरांची खुशाली कळली. स्वतःची लिहायला तू विसरलास. इकडे यादवी संपून एकोणीस वर्षं झाली तरी तुझ्या भावोजींचा गुडघा अजून लढतोच आहे. घोड्याला नाल मारायला वाकले की तसेच अडकून बसतात. परवा मी आणि घोडा, दोघांनी मिळून सरळ केलं.

अखेर पेन्शनचा अर्ज केला. तीन डॉक्टरांनी गुडघा पिळून काढला आणि दुखतं का म्हणून विचारलं, तर हे म्हणे, छे, अजिबात नाही! डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण उत्तर तेच. घरी आल्यावर मी जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

शिवाय कचेरी म्हणते, जखम कर्तव्यावर असताना झाली हे डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार आणा. यांचा सार्जंट वारला, बाकीचे पश्चिमेकडे कुठे गेले देव जाणे. उरलास तू. दक्षिणेकडून लढलास म्हणून काय झालं? चकमक आपल्याच बाबांच्या मळ्यात झाली आणि तू समोर होतास. मी आईबरोबर तळघरात. वर आले तेव्हा हे, तोवर नावही ठाऊक नसलेला शत्रूचा शिपाई, स्वयंपाकघरातल्या टेबलावर विव्हळत होते. यांनी निशाण घेऊन तुमच्या तोफेवर चाल केली, एवढं शपथेवर सांग. नाहीतर यांना अपंग सैनिकांच्या आश्रमात जावं लागेल, आणि तिथे बायकांना घेत नाहीत. मग मी भांडू कोणाशी?

उत्तर डुकरांच्या आधी लिही. लोभ आहे तेवढाच ठेव.
तुझी ताई


हिकरी बेंड, केंटकी
२० फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

मी आता चर्चचा डीकन आहे. खोटी शपथ घेतली तर रविवारी वर्गणी गोळा करायचं ताट माझ्या हातून काढून घेतील.

निशाण? अगं ताई, तुझा ऑर्विल बाबांच्या सफरचंदाच्या झाडावर होता! खिसे भरलेले, तोंडही भरलेलं. खाली उतर म्हणून आम्ही ओरडलो, तर अर्धं खाल्लेलं सफरचंद माझ्या टोपीवर आलं. मी गोळी झाडली, फांदी मोडली आणि भावोजी फांदीसकट भुईवर. हा पराक्रम चालणार असेल तर आज शपथ घेतो.

रागावलीस तरी लिहीत जा.
लेम


मिल्स कॉर्नर
९ मार्च

चि. लेम्युएल यास आशीर्वाद, पण मोजून.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. हे भरल्या ताटावरून उठले. आमच्या संसारातला हा पहिलाच प्रसंग. मग म्हणाले, आश्रमात जाईन, पण त्या झाडाचं नाव कागदावर नको. ट्रंक काढून कपडे भरताहेत. दर मे महिन्यात, युद्धात पडलेल्यांच्या स्मृतिदिनाला, ओट्यावर उभं राहून हे निशाणाची गोष्ट सांगतात आणि गाव टाळ्या वाजवतं. आता सफरचंदं कुठल्या तोंडाने सांगणार? पण मला या माणसाचा राग येतो आणि ती ट्रंक पाहून रडूही येतं.

एक मात्र कळत नाही. यांना साध्या शिडीवर चढवायचं तर मला घसा कोरडा करावा लागतो. मग झाडावर चढवलं कोणी? आणि तू पळत्या खारीला टिपणारा. हाकेच्या अंतरावरचा एवढा थोरला माणूस सोडून तुझी गोळी फांदीला कशी लागली?

खरं लिहिलंस तरच लोभ राहील.
ताई


हिकरी बेंड
२७ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

ट्रंक रिकामी कर. साक्ष दिली.

भावोजींना सार्जंटने चढवलं होतं, आमच्या तोफा बघायला. आम्हाला पाहताच तो सार्जंट पळाला. भावोजींनाही उतरून पळता आलं असतं. पण ते वरून आपल्या लोकांना ओरडत राहिले, डावीकडे तोफा आहेत, ओढ्याकडून निघा! त्यांची माणसं त्यामुळे वाचली. हे कर्तव्य नव्हे तर काय? सफरचंदं खाल्ली ती मधल्या वेळात.

आधी लिहिलं नाही, कारण मग पुढचा प्रश्न आलाच असता, आणि तू तो विचारलासच. माझा नेम चुकला नव्हता, ताई. फांदीवरच धरला होता. आदल्या संध्याकाळी ओढ्याच्या अलीकडे आमचा पहारा, पलीकडे त्यांचा. एका लांबोडक्या शिपायाने तंबाखूच्या बदल्यात म्हणून कॉफीची पुडी फळीवर ठेवून पाण्यातून आमच्याकडे सोडली. कितीतरी दिवसांनी कॉफी मिळाली. सकाळी बघतो तर तोच चेहरा झाडात. त्याची कॉफी पोटात असताना त्याच्या छातीत गोळी कशी घालू?

हेही शपथेवर सांगावं लागलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. जुने सोबती मला आता फांदीमारे म्हणतात आणि बंदुकीच्या गोष्टी निघाल्या की खोकतात. ताट अजून माझ्या हातात आहे.

मान गेला, लोभ तरी असू दे.
लेम


मिल्स कॉर्नर
१२ मे

लेम्युएल यास ऑर्विलचा नमस्कार.

तुला पहिल्यांदाच लिहितोय, सांभाळून घे. पेन्शन मंजूर झाली. तुझी ताई आनंदाने रडली आणि लगेच ट्रंक माळ्यावर नीट ठेवली नाही म्हणून भांडली.

फांदीचं मला त्याच दिवशी कळलं होतं. पडल्या पडल्या वर पाहिलं. गोळी बरोबर फांदीच्या बेचक्यात. असा माणूस चुकत नसतो. तुम्ही पुढे गेल्यावर तुझा कप्तान आला आणि विचारू लागला, याला कोणी पाडलं, जिवंत कसा सोडला? मी म्हटलं, निशाण घेऊन चालून येत होतो, तुमच्या तोफेने उडवलं. निशाण कुठे, म्हणाला. म्हटलं, तेही उडालं. खरं सांगितलं असतं तर त्याने तुला त्याच झाडाखाली उभं करून गोळी घातली असती. पुढे युद्ध संपलं, पण तुला त्याच लोकांत राहायचं होतं, म्हणून गोष्ट बदलली नाही. टाळ्याही आवडायच्या, ते नाकारत नाही.

आता तूच सगळं बोलून मोकळा झालास, तेव्हा मीही सुटलो. तीस तारखेला ओट्यावर झाडाची गोष्ट सांगणार आहे. लोकांचा विश्वास बसणार नाही, म्हणून तू ये. खुर्ची माझ्या शेजारी ठेवली आहे. कॉफी माझ्याकडून.

तंबाखू मात्र घेऊन ये. त्या संध्याकाळी फळी रिकामीच परत आली होती.

बाकी लोभाचं समोरासमोर बोलू.
ऑर्विल