एकशे बारा आमंत्रणं आणि एक पाहुणा

करामा, दुबई
२२ फेब्रुवारी २००२

ती. छायाताईस विष्णूचा साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे काय म्हणतात? महिनाभर तू फोन घेत नाहीस (उठवत नसेल), म्हणून पत्र. इकडे उर्मिला ठीक, बाळ गुटगुटीत. पण दीड महिन्याची झाली तरी तुझ्या भाचीला अजून नाव नाही. कसं ते ऐक, आणि मध्येच हसू नकोस.

इथल्या मराठी मंडळींचा इंटरनेटवर ग्रुप आहे. एकानं लिहिलं की एकशे बारा जणांना पोचतं. (ग्रुप मीच चालवतो, त्यामुळे अंगात थोडी मस्ती.) म्हटलं, घरोघर अक्षता घेऊन कशाला हिंडायचं? अल क्वोजच्या गोदामात बसल्या बसल्या लिहिलं, 'शुक्रवारी बारसं, सर्वांनी अगत्य यावे', आणि बटण दाबलं. साठ माणसांचा मसालेभात केला. पाहुणा आला एक, बिल्डिंगचा वॉचमन जहूर. त्याला मी लिफ्टपाशी तोंडी बोलावलं होतं. बिचारा तीनदा भात घेऊन, बाळाला दुवा देऊन गेला. बाकीचा भात आम्ही दोघं आठवडाभर खात होतो.

माझं डोकं असं सटकलं! ग्रुपवर ठणकावलं, यायचं नव्हतं तर कळवायला काय झालं होतं? लगेच वरच्या मजल्यावरच्या प्रभावतीबाईंचं उत्तर, सगळ्यांच्या साक्षीनं: आम्हाला कुणी बोलावलंच नाही. (चार वर्षं आमच्याकडून कढीपत्ता नेतात!) माझ्याच गोदामातला नागेश म्हणाला, नोटीस वाचून कुणी जेवायला जातं का? मग मी नम्रपणे लिहिलं, 'कृपया गैरसमज नसावा.' त्यावर बाराजणांनी तितक्याच नम्रपणे विचारलं, म्हणजे गैरसमज आमचाच का? ताई, मी खरमरीत चार पानं लिहायला घेतली, तर उर्मिलेनं कॉम्प्युटर बंद केला, हातात कुंकू-अक्षतांची कोयरी दिली आणि म्हणाली, "यल्ला, चला, जिना चढा."

चढलो. प्रभावतीबाईंनी दार उघडलं, अक्षता बघितल्या आणि डोळ्यांत पाणीच आलं बाईंच्या. "अहो, एवढं कशाला! नुसती हाक मारली असती तरी आलो असतो." अगं, परक्या मुलखात माणूस हाकेचीच वाट बघतो, हे मला इथे पंधरा वर्षं काढल्यावर कळलं. सगळी घरं पालथी घातली, घरोघर चहा प्यालो. नागेशनं ग्रुपवर लिहिलं, 'गैरसमज खलास.' आता आठ मार्चला पुन्हा बारसं. पाळणा प्रभावतीबाई सजवणार आहेत.

तुझा धाकटा,
विष्णू

ता. क. साठच्या साठ आले असते तरी नाव राहिलंच असतं. बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या लागते. आणि त्या एकशे बारा पत्त्यांत एक चिपळूणचा होता, तुझ्या लेकीचा, दर्शनाचा. तिच्याकडून तुला कळेल, म्हणून तुला वेगळं लिहिलंच नाही. तू फोन घेत नाहीस ते गुडघ्यांमुळे नाही, हे मला कळतं गं. चुकलो.

ता. ता. क. नागेश सुट्टीवर येतोय. पत्र, पुडीतल्या अक्षता आणि व्हिसा तोच तुझ्या हातात देईल. ताई 'येते' म्हणेपर्यंत दारातून हलायचं नाही, असं बजावलंय. त्याला चहा दे आणि त्याच्याच विमानानं ये. जहूर रोज विचारतो, नाव काय ठेवलं? मी सांगतो, थांब, तिची आत्या यायचीय.