कोणीतरी माझे सापळे नीट करतंय

२ डिसेंबर

बोटं सगळी शाबूत. एवढंच आजचं यश! सापळ्याचा जबडा दोनदा अंगठ्यावर मिटला. अर्विड होता तेव्हा हेच काम गप्पा मारता मारता करायचा, तोंडात काडी धरून. मला एवढ्या थंडीत घाम फुटला.

शेवटी घळीच्या तोंडाशी दगडांचा आडोसा केला. आत वासासाठी बीव्हरच्या तेलाचा बोळा, वर दोऱ्याला टांगलेलं पांढरं पीस. बॉबकॅटला वासापेक्षा नजरेने बोलवायचं, असं अर्विड म्हणायचा. काही हलताना दिसलं की ते रानमांजर थांबतंच.

कार्लाचा बिलिंग्सहून फोन. ‘आई, विकून टाक ना बाबांचं ते सगळं लोखंड. या वयात कसली शिकार?’ मी म्हटलं, बाबांना नाही कधी वय विचारलंस. तिने फोनच ठेवला. लेक बापावर गेलीय – रागावली की मुकी.

घरात बसून काय करू? भिंतींना काय विचारू, जेवलात का?

५ डिसेंबर

काही नाही. माती गोठून दगड झालेली, सापळा तिच्यात चिणलेला. वरून गाय चालत गेली असती तरी मिटला नसता. मांजर मात्र येऊन गेलं. ठसे अगदी शेजारी. हसलं असणार.

हरणाच्या मांसाचा रस्सा उभ्या उभ्याच खाल्ला, पातेल्यातूनच.

अर्विडचा राग येतो. आता येतो, तेव्हा आला नाही. आजारपणात सगळं सांगून गेला – जनरेटरचं तेल, छपराची पन्हळ, ‘थंडी वाढली की ट्रकची बॅटरी काढून घरात ठेव.’ माझ्याविषयी एक अक्षर नाही! शेवटच्या दिवशीसुद्धा मी त्याचा हात धरून बसले होते, तर म्हणाला, ‘कुंपणाचं फाटक लावलंस का?’

लावलं होतं रे. लावलं होतं.

९ डिसेंबर

नवल! घळीतला सापळा कुणीतरी काढून पुन्हा लावलाय. खाली मेणकागद, वर कोरडी चाळलेली माती, गोठणार नाही अशी. पीसही खाली उतरवलंय, मांजराच्या डोळ्यांसमोर येईल असं. बर्फातले बुटांचे ठसे फांदीने झाडून टाकलेत. चोर असता तर सापळाच नेला असता. हा चोर उलटा!

११ डिसेंबर

रॅकून सापडला. चांगला गुबगुबीत. माझा म्हणू की त्या उलट्या चोराचा?

१४ डिसेंबर

ओढ्याकाठचा, मिंक या मुंगसाएवढ्या केसाळ जनावरासाठी लावलेला सापळाही रात्रीतून शहाणा झालाय. माझा राग अनावर. घळीत उभी राहून ओरडले, ‘कोण आहेस तू? हिंमत असेल तर समोर ये!’ एक मॅगपाय तेवढा दचकून उडाला. मग आपलंच आपल्याला हसू आलं. पुष्कळ दिवसांनी.

१८ डिसेंबर

अजून ऊब आलेली नाही, दोन घोंगड्या पांघरल्यात. पण आजच लिहायला हवं.

बीव्हरच्या बांधाजवळ बर्फावर गेले. तिथे खालून पाणी पळतं, बर्फ पातळ असतो – ठाऊक होतं मला! तरी गेले. कड्कन आवाज, आणि मी छातीपर्यंत आत. श्वासच येईना. कडेला हात टाकला की कड तुटायची. ओरडायला तोंड उघडलं, आवाज नाही. एक विचार आला तो असा, की कार्लाला आता कोण कळवणार.

तेवढ्यात नाकासमोर लांब काठी आली. ‘धरा! उभ्या राहू नका, पालथ्या व्हा. पाय मारा, पोहल्यासारखे!’

पोटावर आडवा पडलेला, दाढीला बर्फ लागलेला – लेस्टर बुशार!

आमच्या कुंपणापलीकडचा. या घळीत सापळे कोणी लावायचे यावरून त्याचं नि अर्विडचं वाजलं, तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव निघत नसे. चर्चमध्येही आम्ही उजवीकडे, तो डावीकडे.

ओढत ओढत त्याच्या ट्रकमध्ये नेलं. हीटर सोडला, घोंगडी दिली, स्वतःची लोकरी विजार दिली आणि पाठ फिरवून बाहेर उभा राहिला. मी कपडे बदलतेय, दात वाजतायत, आणि तो बाहेरून म्हणतो, ‘आखूड होईल ती तुम्हाला.’ इतक्या वर्षांत त्या माणसाचं माझ्याशी पहिलं धड बोलणं, तर हे!

ट्रक निघाला तेव्हा पायाशी चाळणी दिसली. मेणकागदाची गुंडाळी.

‘म्हणजे तू होतास!’ मी एकदम अरे-तुरेवरच आले. ‘दया आली होय माझी? अर्विड गेला म्हणून आता त्याच्या बायकोला भीक घालायला निघालास? थांबव ट्रक, मी चालत जाते!’

‘या विजारीत?’

‘हो, या विजारीत!’

त्याने ट्रक थांबवला नाही. हीटर आणखी वाढवला. मग हळूच म्हणाला, ‘अर्विड आला होता माझ्याकडे. सप्टेंबरात. म्हणाला, ती ऐकायची नाही, सापळे घेऊन निघेल. जरा लक्ष ठेव. तिला कळू देऊ नकोस.’

घरी उतरले ती त्याच्या विजारीतच.

१९ डिसेंबर

अर्विड! अरे लबाडा!

आता आठवतंय. सप्टेंबरात डिझेल आणायला म्हणून गेला होता, केवढा उशीर केला होता! आल्यावर थकून खुर्चीत बसला. धड उभं राहवत नव्हतं आणि गेला कुठे, तर ज्याचं नाव घेत नव्हता त्याच्या दारात. माझ्यासाठी.

माझ्याशी तेवढं बॅटरीचं बोललास. जे खरं बोलायचं ते तिकडे बोलून आलास होय.

दिवसभर रडले. बरं वाटलं.

२५ डिसेंबर

लेस्टरची विजार धुऊन, इस्त्री करून परत केली. विजारीला कोणी इस्त्री करतं का, म्हणाला. चोकचेरीच्या जॅमची बाटली नेली, ती मात्र लगेच घेतली.

४ जानेवारी

आता दोघं मिळून फेरी मारतो. त्याच्या पायाला जुनी दुखापत, ओढत चालतो. मला माझ्या गुडघ्यांचं निमित्त होतं. कोण कोणासाठी थांबतं, कळत नाही.

आज घळीत बॉबकॅट! थोराड बोका. कानांवर काळे केस, पोट पांढरंशुभ्र, काळ्या ठिपक्यांचं. गुरगुरला नाही, नुसता बघत राहिला. माझ्या हातात बंदूक. लेस्टर मागे.

‘मी करू?’

‘नको.’

‘मग घाई करू नका. श्वास सोडा, मग दाबा. त्याला वाट बघायला लावू नका.’

केलं. मग बोक्याच्या शेजारी बर्फात बसले. अंग ऊबदार होतं अजून. लेस्टरने टोपी काढली. मला वाटलं होतं, काहीतरी समजावेल. नाही समजावलं. तेच बरं केलं.

५ जानेवारी

स्वयंपाकघरातच कातडं सोलून फळीवर ताणलं. त्याची जाड बोटं कानाजवळ इतकी हलकी चालतात! मी म्हटलं, अर्विड इथे नेहमी फाडायचा. ‘ठाऊक आहे,’ म्हणाला, ‘एका बाजारात विकायचो आम्ही. त्याच्या कातड्यांचे कान बघून मी खूश व्हायचो.’ दोघंही इतके हसलो की कॉफी सांडली.

मग अर्विडच्या गोष्टी निघाल्या. भांडणाआधीच्या. मला न सांगितलेल्या.

२२ जानेवारी

थंडी अशी की पापण्या चिकटतात. खालच्या घळीत सापळ्यात बॉबकॅटची मादी. बारकी, फासळ्या दिसणारी. भोवती बर्फ तुडवलेला – छोटे ठसे, कितीतरी, तिच्याभोवतीच फिरलेले. पिल्लू रात्रभर तिथेच होतं.

मी लेस्टरकडे बघितलं. तो म्हणाला, ‘सापळा तुमचा आहे.’

‘सोडू या.’

त्याने लगेच फासाची काठी पुढे केली, मान पकडून तिला अलगद जमिनीशी दाबलं. मी तिच्या अंगावर कोट टाकला, दोन्ही स्प्रिंगा बुटांनी दाबल्या. पंजा सुटला. सुजलेला, पण हाड शाबूत. कोट ओढला तशी उडीच मारली तिने, आणि लेस्टर मागच्या मागे बर्फात बसला! वर कपारीत काहीतरी हललं. तेवढंच.

‘मिसेस हॉगन,’ बसल्या बसल्या म्हणाला, ‘तुम्ही शिकारी होणार नाही.’

‘तू तरी कुठे झालास!’

येताना ट्रकमध्ये गाणं गुणगुणत होता. बेसूर.

१ फेब्रुवारी

लेस्टर आला नाही. फोनही नाही. एकटीने फेरी मारली, दहादा मागे वळून बघितलं.

९ फेब्रुवारी

आज दारात उभा राहिला. आत आला नाही. ‘अर्विड कधी आलाच नव्हता माझ्याकडे. मी बनवून सांगितलं, आता लपवून राहवत नाही. तुम्ही काकडत होतात, आणि चालत निघाल्या असतात.’ मी विचारलं, मग माझ्या सापळ्यांकडे बघायला तुला सांगितलं कोणी? ‘कोणी नाही,’ म्हणाला. दार सताड उघडं, सगळं घर गार पडलं. म्हणजे अर्विड त्या दिवशी खरंच डिझेल आणायला गेला होता. मग मी म्हटलं, आत ये, लेस्टर. दार लाव.