गच्चीवरची उघाडी

१२ मे १९९६
पाणी पडतं गच्चीवरून आणि बोलणी खाते तळमजल्यावरची जुबेदा, हा कुठला न्याय? सोसायटीचा सेक्रेटरी बापट मीटिंगमध्ये तिला म्हणाला, "तळमजला घेतानाच विचार करायचा." तुझं घर तिसऱ्यावर, तुला पाणी नळालाच दिसतं, मेल्या.
बाकी राम राम, वही. बऱ्याच दिवसांनी.
जुबेदा म्हणते, यंदा घरात पाणी शिरलं की खोली विकून मोरा बंदरावर लेकाकडे जाते. जा म्हटलं. मग दुपारी माझ्याशी भांडायला कोण, ते नाही बोलले.

१५ मे
उधाणाची भरती गटाराचं खाडीकडचं तोंड दाबते. त्यातच गच्चीचं सगळं पाणी पाइपातून धाडकन खाली. जाणार कुठं? जुबेदाच्या चुलीपाशी.
आमच्या खारातल्या शेताला उघाडी होती. बांधात फळी. भरतीला पाडायची, ओहोटीला उचलायची. तसंच गच्चीवर. माती, हिरवळ, पाइपाच्या तोंडाला बूच. पाणी वर थांबेल, ओहोटीला सोडायचं.
बापट : "आजी, स्लॅब गळेल!"
"स्लॅबखाली मीच झोपते. गलला त माज्या डोक्यावर गलंल. तुजा काय जातंय?"
बापट जिना उतरला.

२४ मे
जुबेदाचा भाचा सलीम तळोज्याला कारखान्यात इंजिनेर. गच्ची ठोकून, वाकून बघितली. म्हणाला, आधी डांबराचा थर. माती चार बोटं, जास्त भार नको. बुचाला वरच्या अंगाला भोक, म्हणजे जादा पाणी आपोआप जाईल. पोरगा कामाचा. मीटिंगमध्ये तोच बोलला, बापटाने होकाराची मान हलवली.

२ जून
डांबर झालं, पण माती चुकली. बांध म्हटलं की हात खाडीच्या चिखलाकडेच जातो, जन्माची सवय. पाट्या भरभरून वर चढवला. लावलेलं सगळं पिवळं.
सलीमने कपाळाला हात लावला. "आजी, हे मीठ रोपं खाईल, मग स्लॅबातल्या सळया खाईल."
जुबेदा पोट धरून हसली. "आक्के, गच्चीवर मिठागर काढतेस काय?"
"हस. पन पाटी उचल."
उचलली. सगळा चिखल खाली. कंबर गेली. बापट जिन्यात शीळ घालत होता.

९ जून
लाल माती, त्यात गादीवाल्याकडचा काथ्या. घोळ लावली, हरळी लावली. दोन्ही मरायची नावं घेत नाहीत, माझ्यासारख्या. बिल्डिंगीतल्या बायका नाकं मुरडत आल्या, हात मातीचे करून गेल्या.

१६ जुलै
अमावास्येचं उधाण. सकाळपासून पाऊस, दुपारी भरती. बुचं मी स्वतः ठोकली. गच्चीवर शेत भरावं तसं पाणी उभं. समोरच्या बिल्डिंगीत खाटा तरंगल्या. आमच्या कंपाउंडात घोटाभर पाणी, जुबेदाच्या उंबऱ्याला टेकलं आणि थांबलं.
थांबलं!
ती उंबऱ्यावर बसून ओरडते, "आक्के, वर हायस का बुडलीस?"
"तू कोरडी हायस ना? मंग चाय टाक!"
संध्याकाळी ओहोटी लागली तशी एकेक बूच काढलं. पाणी मुकाट गटारात गेलं. माझ्या डोक्यावर एक थेंब नाही. खोली विकायची गोष्ट जुबेदाने काढली नाही, मीही नाही. घोळीची भाजी दोघींनी खाल्ली. तिने मीठ जास्त घातलं, मुद्दाम.

२१ जुलै
समोरच्या बिल्डिंगीचे लोक गच्ची बघायला आले. बापट छाती काढून : "ही माझी स्कीम. पहिल्या दिवसापासून माझा पाठिंबा."
जुबेदा बोलणार होती, तिला मी चिमटा काढला.

२६ जुलै
नगरपालिकेच्या ऑफिसातून नोटीस आली. गच्चीवर विनापरवाना फेरफार, खुलासा द्या, नाहीतर काढून टाका. समोरचे लोक माती आणायला निघालेले, तेही थांबले. बापट घामाघूम वर आला. "आजी, तुम्हीच काय ते लिहा."
मी बुचाला तेल लावत होते. श्रावणाचं उधाण यायचंय अजून.
"माती हलनार नाय. आनि स्कीम तुजी ना, बापट? बस. लिही. सही तुजी, जवाब तूच देयाचास."